हवा सोडलेल्या चाकाची उंची

कर्रर्र असा आवाज आला तेव्हा मला वाटलं, जॅकचा दात घसरला. वाकून बघितलं तर जॅक जागच्या जागी, खांब सरळ. गाडी मात्र वर जायची थांबली होती. जॅकचा आडवा हात ज्या चौकोनी नळीत घातला होता, ती नळीच गाडीच्या पोटात वर वर घुसत होती आणि खाली गंजाच्या पापुद्र्यांचा सडा पडत होता. मी आईला म्हटलं, "आई, मागे हो. अजून मागे." तिने दोन पावलं टाकली आणि पत्रा फाटला. गाडी धपकन खाली बसली.

कुणाला लागलं नाही. पंक्चर झालेल्या चाकाचे बोल्ट अजून पूर्ण सुटले नव्हते, चाक जागेवरच होतं, म्हणून गाडी टायरवर आदळली. दोन मिनिटांनी हे घडलं असतं तर ती ब्रेकच्या ड्रमवर आदळली असती आणि माझा हात तिथेच असता. ती संध्याकाळ मी विसरलेले नाही. क्लासिक, म्हणजे जुन्या कारसाठी चांगला जॅक कोणता हे ठरवताना मी पुढे जो काही किचकटपणा केला, त्याचं मूळ तिथे आहे.

गाडी बाबांची. १९६५ सालची फोक्सवॅगन बीटल, मागे इंजिन, पुढे डिकी. जॅकही गाडीबरोबर आलेला, मूळचा: उभा खांब, त्यावर दांड्याने पायरी-पायरीने चढणारा हात. गाडीच्या दोन्ही बाजूंना, मागच्या चाकाच्या थोडं पुढे, खालच्या बाजूला एकेक चौकोनी नळी असते. हात त्या नळीत घालायचा आणि दांडा वरखाली करायचा, की गाडीची ती अख्खी बाजू उचलली जाते. नवी असताना ही सोय उत्तमच होती. पण नळी ज्या पत्र्याला जोडलेली असते त्याच्या आतून हीटरची गरम हवा जाते, बाहेरून चिखल-पाणी लागतं, आणि गंज आतून बाहेर येतो. वरून रंग चकचकीत आणि आत चाळण. मी दर महिन्याला गाडी पुसत होते, पण त्या नळीत बोट घालून कधी बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी एक गृहस्थ थांबले. त्यांच्याकडे हायड्रॉलिक बॉटल जॅक होता, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, बाटलीच्या आकाराचा, दोन टनांचा. "ताई, यावर तर छोटा टेम्पोसुद्धा उचलतो मी," म्हणाले. पण तो गाडीखाली जाईचना. टायर पूर्ण बसलेला, त्यामुळे गाडीचा तो कोपरा इतका खाली आलेला की बाटलीचं डोकं कुठेच शिरत नव्हतं. जिथे शिरत होतं तिथे वर नुसता गाडीच्या तळाचा पातळ पत्रा. त्यांनी खूप प्रयत्न केले. शेवटी गाडी ओढून न्यावी लागली.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा शोधलं ते टनांच्या आकड्यावरून. दोन टन घ्यावा की तीन? आता वाटतं, तो प्रश्नच चुकीचा होता. माझी सगळी गाडी साडेसातशे किलोंच्या आसपास. त्यातलं साठेक टक्के वजन मागे धरलं तरी मागच्या एका कोपऱ्यावर सव्वादोनशे-अडीचशे किलो येतात. बाजारात मिळणारा कुठलाही बऱ्या प्रतीचा जॅक तेवढं उचलतो. जुन्या गाडीचा प्रश्न जॅक किती उचलतो हा नसतो. तो खाली शिरतो का, कशाला टेकतो आणि किती उंच जातो, हे बघावं लागतं.

हे मला ज्यांनी शिकवलं ते आमचे मेकॅनिक काका. गाडी ओढून आणली त्या दिवशी त्यांनी काही न बोलता गाडीखाली सरपटत जाऊन हातोडीच्या दांड्याने ठोकायला सुरुवात केली. ठण, ठण, ठण, मग थप. "हा थप ऐकलात ना? इथे पत्रा मेलाय." मग मला खाली बोलावलं. मी पुठ्ठ्यावर आडवी झाले. त्यांनी टॉर्च मागच्या चाकांच्या पुढून आडव्या जाणाऱ्या जाड नळीवर मारली. या नळीत टॉर्शन बार असतात, म्हणजे पिळाच्या स्प्रिंगा. गाडीच्या मागच्या भागाचं सगळं वजन हीच नळी घेते. "उचलायचं तर इथे, टोकाला, चाकाच्या जवळ. पुढे त्या दोन आडव्या नळ्या दिसतात ना, त्यातली खालची. बाकी कुठेही नाही." मी इंजिनाकडे बोट दाखवलं, तर त्यांनी माझा हातच बाजूला केला. इंजिनाचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं, जॅकने त्याला तडा जाऊ शकतो. आणि तळाच्या पत्र्याला जॅक लावला तर तो गाडी उचलण्याऐवजी वर फुगवटा काढतो.

"आता घरी जा, चाकातली हवा सोडा आणि मोजा," काका म्हणाले. मला वाटलं गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते.

रविवारी सकाळी सपाट जमिनीवर गाडी लावली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले आणि मागच्या उजव्या चाकाच्या व्हॉल्व्हची पिन काढली. हवा जाताना गाडी हळूहळू त्या कोपऱ्यावर बसते ते बघणं मला अजून त्रासाचं वाटतं. नळीच्या टोकाखालची उंची चाक भरलेलं असताना २४५ मिलिमीटर होती, हवा गेल्यावर १७६. पुढच्या चाकाची हवा सोडून खालच्या नळीखाली मोजलं तर १३८. वहीत तीन आकडे लिहिले आणि गृहस्थांचा जॅक का शिरला नाही ते एका क्षणात कळलं. दोन टनांच्या साध्या बॉटल जॅकची मिटलेली उंचीच बहुधा १५० ते १८० मिलिमीटर असते. हवा भरलेल्या चाकाशेजारी तो आरामात शिरतो. दुकानात, अंगणात, प्रात्यक्षिकात सगळीकडे तो बसतो, कारण तिथे चाकात हवा असते.

चौथा आकडा काढायला जास्त वेळ लागला आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा निघाला. चाकात पुन्हा हवा भरली, काकांचा ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा लांब दांड्याचा जॅक, आणून नळीच्या टोकाखाली लावला आणि गाडी उचलायला लागले. पाच सेंटीमीटर, सात, दहा. चाक जमिनीलाच. माझ्या बीटलला मागे स्विंग अॅक्सल आहे. अॅक्सलच्या दोन्ही नळ्या गिअरबॉक्सपाशी सांध्यावर झुलतात, त्यामुळे गाडी वर जाते तसं चाक खाली लोंबतं आणि त्याचा खालचा भाग आत वळतो, उचललेल्या बदकाच्या पायासारखा. बारा सेंटीमीटरच्या आसपास गाडी वर गेल्यावर कुठे टायरखाली ठेवलेला कागद सरकला. त्यात आणखी दोन-तीन सेंटीमीटर धरायचे, कारण पूर्ण भरलेली स्टेपनी बसवायला पंक्चर चाक काढण्यापेक्षा जास्त जागा लागते. म्हणजे नळीची उंची जवळजवळ ३८५ मिलिमीटरपर्यंत न्यायची. खालून १७६, वरून ३८५. मिटल्यावर १७६ खाली शिरेल आणि उघडल्यावर ३८५ पर्यंत नेईल तो जॅक माझा.

मग मी तीन प्रकारचे जॅक उसने आणून एकेक करून बघितले. उसने आणले हे फार बरं केलं, कारण कागदावरचे आकडे आणि हाताचा अनुभव यांत फरक पडतो.

ट्रॉली जॅक वापरायला सगळ्यात सुखाचा. रुंद बूड, मोठी वाटी, लांब दांडा. आईनेसुद्धा दोन हातांनी चार दट्टे मारून गाडी उचलली आणि "एवढंच?" म्हणाली. पण त्याचा हात वर जाताना सरळ रेषेत जात नाही, कमानीत जातो. फरशीवर जॅकची चाकं त्या कमानीप्रमाणे आपोआप पुढेमागे सरकतात म्हणून काही जाणवत नाही. रस्त्याच्या कडेला मातीत किंवा खडीत ती चाकं रुततात, जॅक सरकत नाही आणि मग वाटीच नळीखालून सरकायला लागते. मी मुद्दाम मातीवर करून बघितलं. जेमतेम पाच सेंटीमीटर वर गेल्यावर वाटी कडेला आलेली दिसली, तिथेच थांबले. शिवाय वजन नऊ-दहा किलो, आणि बीटलच्या पुढच्या डिकीत स्टेपनी आणि पेट्रोलची टाकी यांच्यामध्ये जी जागा उरते तिथे तो मावतच नाही. घरच्या कामासाठी मी नंतर ट्रॉली जॅकच घेतला. रस्त्यासाठी नाही.

बॉटल जॅकबद्दल मला आदर आहे. छोट्या दट्ट्याचा दाब तेलातून मोठ्या दट्ट्याला द्यायचा, हे तत्त्व जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं तेव्हापासून चालत आलंय, आणि दोन-तीन किलोंच्या वस्तूत दोन टनांची ताकद मावते. पण माझ्या कामाला त्याच्या तीन गोष्टी आड आल्या. उंचीचं सांगितलंच. दुसरं, त्याचं डोकं एवढंसं, रुपयाच्या नाण्याहून थोडंच मोठं. गोल नळीखाली ते एका बिंदूवर टेकतं. तिसरं, तो आडवा पडून राहिला की सीलमधून तेल झिरपू शकतं, आणि डिकीत उभा बांधून ठेवायला माझ्याकडे जागा नव्हती. वर्षभर न वापरलेला बॉटल जॅक गरजेच्या वेळी अर्ध्यावरून हळूहळू खाली बसला तर काय करायचं, हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही. मळसूत्राच्या, म्हणजे स्क्रूवर चालणाऱ्या जॅकला (कात्रीचा जॅक त्यातलाच) ती भीती कमी. त्याच्या आट्यांमधलं घर्षणच वजन धरून ठेवतं. दांडा सोडून दिला तरी तो आपोआप उलटा फिरत नाही.

तिसरा म्हणजे कात्रीचा जॅक: स्क्रू फिरवला की त्याचे हात कात्रीसारखे उघडत वर जातात. खरं सांगायचं तर मी तो शेवटी ठेवला होता, कारण लोकांनी त्याला नावं ठेवलेली ऐकली होती. मिटलेली उंची ९५ मिलिमीटर, पूर्ण उघडल्यावर ३८०. आकड्यांत जवळजवळ चोख. हातात घेतल्यावर दोन अडचणी कळल्या. पहिली म्हणजे हल्लीच्या गाड्यांच्या कडेला खाली पत्र्याची उभी पट्टी असते, तिच्यासाठी या जॅकच्या डोक्यात खाच असते. माझ्या गोल नळीला ती खाच निरुपयोगी, नळी खाचेच्या दोन धारांवर टेकते आणि डुलते. दुसरी अडचण जोराची. कात्रीचे हात जमिनीलगत चपटे असतात तेव्हा स्क्रू फिरवायला सगळ्यात जास्त जोर लागतो. हात उभे होत जातात तसं काम हलकं होतं. नेमकं पंक्चर झाल्यावर जॅक चपट्या अवस्थेतच सुरू करावा लागतो. माझी उंची पाच फूट, वजन बेताचं. पहिले दहा-बारा वेढे फिरवताना दंड भरून आले.

इथे थोडं थांबून सांगते. जुन्या गाड्यांचे कारखाने हा प्रश्न आपापल्या परीने सोडवत होते, आणि ते बघताना मला फार आनंद झाला. मॉरिस मायनरलाही बीटलसारखीच बाजूला जॅकची नळी असते. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेत चार नळ्या, त्यांना रबरी बुचं. आणि १९५५ ची सित्रोएन डीएस तर स्वतःच स्वतःला उचलते: सस्पेन्शन, म्हणजे चाकांवर गाडी तोलणारी यंत्रणा, सगळ्यात वरच्या खुणेवर न्यायचं, बाजूला एक स्टँड लावायचा, मग सस्पेन्शन सगळ्यात खाली आणायचं, स्टँडवर टेकलेल्या बाजूची चाकं आपोआप वर ओढली जातात. म्हणजे "क्लासिक कारसाठी चांगला जॅक कोणता" याला एकच उत्तर असूच शकत नाही. डीएसवाल्याने माझा सल्ला घेतला तर त्याचं नुकसानच होईल.

मी कात्रीचाच घेतला. एका टनाचा, रुंद बुडाचा, हातांचा पत्रा जाड असलेला. पण नुसता जॅक नाही घेतला, त्याच्याबरोबर तीन लाकडं केली, आणि आज कुणी विचारलं तर मी जॅकपेक्षा लाकडांबद्दल जास्त बोलते.

पहिलं लाकूड बुडाखालचं: १८ मिलिमीटर प्लायवूडचा फूटभर चौकोन. मातीवर वजन पसरतं, जॅक एका कडेवर कलंडत नाही. दुसरं डोक्यावरचं: कठीण लाकडाचा ठोकळा, वरून अर्धगोल खाच, नळी नेमकी बसेल अशी, खालून जॅकच्या डोक्यातल्या खाचेत अडकणारी जीभ. हा काकांनी रंध्याने आणि गोल कानशीने समोर बसून करून दिला. दोनदा गाडीखाली जाऊन मापून आले. त्याचे पैसे घेतले नाहीत.

तिसरं लाकूड म्हणजे चार सेंटीमीटर जाडीची, टायरपेक्षा थोडी रुंद, एका टोकाला उतार दिलेली फळी. पंक्चर झालेलं चाक सावकाश या फळीवर चढवायचं. गाडीचा तो कोपरा तिथेच चार सेंटीमीटर उंच होतो. जॅक शिरायला जागा होते, कात्री थोडी उघडून सुरुवात करता येते, त्यामुळे पहिल्या वेढ्यांचा जोर कमी लागतो. आणि चाक फळीवरून सुटलं की फळी ओढून काढायची: नव्या चाकासाठी चार सेंटीमीटर जागा आयती तयार. ही फळी पहिल्यांदा वापरली तेव्हा मी एकटीच अंगणात मोठ्याने हसले होते. पुढच्या चाकाला तर फळीशिवाय जमतच नाही.

सराव केला. आईला घड्याळ घेऊन बसवलं नाही, घाई शिकायची नव्हती. क्रम पाठ करायचा होता. हॅन्डब्रेक ओढायचा, पण त्याच्यावर विसंबायचं नाही: तो फक्त मागच्या दोन चाकांवर चालतो, आणि त्यातलं एक हवेत गेलं की उरतं एकच. गाडी गिअरमध्ये ठेवल्याचाही मोठा आधार नाही, कारण एक मागचं चाक हवेत असलं की डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा जोड, त्याला मोकळं फिरू देतो. म्हणून समोरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आधी. बोल्ट अर्धा वेढा ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. गाडी जॅकवर असताना पान्यावर जोर लावला की गाडी हलते. आणि गाडी वर गेली की स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवायची. चाक निघालं की ते तिथे ठेवायचं आणि स्टेपनी घ्यायची. जॅक दगा देवोच, गाडी निदान चाकावर बसेल.

बीटलला चाकाचे नट नसतात, बोल्ट असतात. ड्रमवर अडकवायला काही बाहेर आलेलं नसतं. पाच भोकं जुळेपर्यंत चाक हातावर तोलायचं. मी एका जुन्या बोल्टचं डोकं कापून घेतलं, टोकाला पेचकसाची खाच पाडली. तो वरच्या भोकात हाताने फिरवायचा, चाक त्याच्यावर टांगायचं, बाकी चार बोल्ट लावायचे आणि मग तो काढून पाचवा. बाबा हे कसं करत असतील, मी त्यांना कधी विचारलं नाही.

स्टेपनीची हवा मी आता दर महिन्याला बघते, मागच्या चाकाला लागते त्याहून थोडी जास्तच ठेवते. नंतरच्या काही बीटलांमध्ये तर काचेवर पाणी उडवायचा दाबसुद्धा स्टेपनीतूनच घेतलेला असायचा. दाब ठरावीक पातळीखाली गेला की झडप बंद व्हायची, पण ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी काच धुतल्यावर स्टेपनी तपासलेली बरी.

दुसरं पंक्चर झालं ते अकरा महिन्यांनी, रिमझिम पावसात, पुन्हा मागचं उजवं. रस्ता कडेला थोडा उतरता होता, म्हणून मी बसलेल्या टायरवर शंभरेक मीटर रांगत सपाट जागेपर्यंत गेले. टायर खराब झाला असता तरी चाललं असतं. उतारावर गाडी उचलायची नाही हे मी ठरवून ठेवलं होतं. आईने न सांगता ठोकळे काढले. फळी, प्लायवूड, जॅक, खाचेचा ठोकळा. पहिला वेढा फिरवला आणि कान नळीकडे लावून थांबले. काही आवाज नाही. आणखी एक वेढा. ठोकळ्याने नळी घट्ट धरली होती. मग मात्र हात थांबले नाहीत.

गाडी खाली आली तेव्हा आईने टॉर्च चाकावर मारली आणि तिचा आवाज बदलला. "अगं, हे चाक वाकडं बसलंय. खालून आत गेलंय बघ."

"नाही आई, ते तसंच दिसतं. थोडी चालली की बसेल."

मी गाडी दहा मीटर पुढे घेतली, दहा मीटर मागे. आई टॉर्च घेऊन शेजारून चालत होती. लोंबलेलं चाक हळूहळू फाकत सरळ झालं आणि गाडीची मागची बाजू नेहमीच्या उंचीवर आली. "बसलं," आई म्हणाली.

पन्नासेक किलोमीटरवर थांबून मी पाचही बोल्ट पुन्हा आवळले. पहिला किंचित फिरला, बाकीचे चार जागचे हलले नाहीत. ओला ठोकळा पुसून मी सीटखाली वाळत ठेवला.